सत्तर उत्तरं पाठ, तरी मुलाखत हातची गेली

वाचकाचं पत्र: इंटर्नशिपनंतर वर्षभर मेडिसिन वॉर्डात काम केलं आहे. आपत्कालीन विभागातल्या रेसिडेंट पदासाठी दोन मुलाखती दिल्या, दोन्हीकडून नकार आला. सत्तर प्रश्नांची उत्तरं लिहून पाठ केली होती. एके ठिकाणी विचारलं, ‘आतड्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पेशंटला अचानक दम लागलाय, रात्रीचे दोन वाजलेत, नर्सचा फोन आलाय. काय कराल?’ मी म्हटलं, ‘पल्मोनरी एम्बोलिझम वाटतो, सीटी पल्मोनरी अँजिओग्राम करीन.’ उत्तर बरोबर असूनही काहीतरी हुकलं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. ‘तुमची एखादी चूक सांगा’ यावर तर काहीच सुचलं नाही. सीव्हीत आठ महिन्यांची गॅपही आहे. पुढची मुलाखत अडीच आठवड्यांवर आली आहे. तयारी कशी करू?

उत्तर:

निदानाचा तुमचा अंदाज (पल्मोनरी एम्बोलिझम, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी) अगदीच चुकीचा नव्हता. पण तुम्हाला निदान विचारलंच नव्हतं. काय कराल, असं विचारलं होतं. वॉर्डात सीनियरला केस सांगताना आपण थेट निष्कर्षावर येतो, कारण ऑक्सिजन लावलाय, सुई लावलीय हे त्याला समोर दिसत असतं. मुलाखतीच्या टेबलावर काहीच दिसत नाही. अनेक संस्थांत सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि प्रत्येक परीक्षकापुढे गुणपत्रक असतं. ऑक्सिजन दिला का, मदत बोलावली का, उपायानंतर पुन्हा तपासलं का, नोंद केली का, असे मुद्दे त्यावर असतात. जे तोंडातून बाहेर पडलं त्यापुढे खूण होते. तुम्ही ऑक्सिजन लावलाच असता हे त्यांनाही ठाऊक असतं, पण न बोललेल्या गोष्टीला गुण देता येत नाहीत.

तोच प्रश्न परत घेऊ, कारण त्या एका प्रश्नात निम्मी मुलाखत आहे.

उत्तर फोनपासूनच सुरू होतं. नर्सला विचारायचं: शुद्धीत आहे का, सॅच्युरेशन किती, बीपी किती. आणि तुम्ही पोहोचेपर्यंत काय करायचं तेही सांगायचं: टेकवून बसवा, ऑक्सिजन लावा, ईसीजी मशीन मागवा, ऑपरेशनची नोंद आणि औषधांचा चार्ट काढून ठेवा. मग ‘मी लगेच पेशंटकडे जाईन’ हे शब्द स्पष्ट उच्चारा. फोनवरच तपासण्या सांगत बसणारा उमेदवार तिथेच मागे पडतो.

पेशंटजवळ पोहोचल्यावर ए-बी-सी-डी-ई: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी सगळं अंग उघडून तपासणं. हा क्रम सगळ्यांना येतो, म्हणूनच बरेच जण ‘एबीसीडीई अप्रोचने असेस करीन’ एवढं एक वाक्य टाकून पुढे पळतात. त्या वाक्याला जवळजवळ काही किंमत नाही. प्रत्येक अक्षरात काय पाहाल आणि बिघाड सापडला तर तिथेच काय कराल, हे जोडीने सांगा. पेशंट पूर्ण वाक्यात बोलतोय, म्हणजे श्वासमार्ग मोकळा आहे. श्वासाचा वेग मोजीन, दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते का ते ऐकीन. ऑक्सिजनचं लक्ष्य 94 ते 98 टक्के. सीओपीडीसारख्या फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असेल तर 88 ते 92. मग नाडी, बीपी, कॅपिलरी रिफिल (नख दाबून सोडल्यावर रंग किती लवकर परत येतो), हातपाय गार आहेत का. सुई लावीन, रक्त पाठवीन, ईसीजी काढीन, ब्लड गॅस घेईन. डीमध्ये शुद्धीची पातळी आणि रक्तातली साखर. ही साखर हमखास विसरली जाते. ईमध्ये ताप, पोट, जखम, ड्रेन आणि दोन्ही पोटऱ्या. प्रत्येक उपायानंतर एक वाक्य ठेवा: ऑक्सिजन लावल्यावर सॅच्युरेशन वर आलं का, सलाईन दिल्यावर बीपी सुधारलं का, हे परत पाहीन.

आता निदानं, अनेकवचनात. एम्बोलिझम आहेच, पण न्युमोनिया, फुप्फुसाचा भाग मिटणं, हृदयविकाराचा झटका, सलाईन जास्त झाल्याने फुप्फुसात पाणी, रक्तस्राव, आणि आतड्याचा जोड गळून सुरू झालेला सेप्सिस (संसर्गाने सगळं शरीर बिघडणं) हेही आहेत. शेवटचं नाव घेतलंत तर तुम्ही ‘आतड्याचं ऑपरेशन’ हे शब्द ऐकले होते, हे परीक्षकाला कळतं. इथे दोन अडचणी येतात. डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) मागवतो असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ऑपरेशननंतर तो असाही वाढलेला असतो, मग पॉझिटिव्ह आला तर काय समजणार? आणि सीटीला पाठवायचं तर पेशंट तिथपर्यंत जाण्याइतका स्थिर हवा. बीपी कोसळलेल्या पेशंटला स्कॅनरपर्यंत नेण्याआधी सीनियर हवा. खाटेजवळ इको (हृदयाची सोनोग्राफी) होत असेल तर तो उपयोगी. रक्त पातळ करण्याची औषधं ताज्या ऑपरेशननंतर सर्जनशी बोलल्याशिवाय सुरू करणार नाही, हेही सांगा. तुमच्या उत्तरात निदान होतं, पण त्याच्या आधीची पाच मिनिटं आणि नंतरचा हा विचार गायब होता.

मदत कधी आणि कशी मागाल, यालाही गुण असतात. ‘सीनियरला कळवीन’ हे फार ढोबळ झालं. एसबार पद्धतीने (SBAR: परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचा अंदाज, विनंती, या क्रमाने) फोनवर प्रत्यक्ष काय बोलाल, ते बोलून दाखवा: ‘सर्जिकल वॉर्डातून बोलतोय. आतड्याच्या ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवसाच्या पेशंटला अर्ध्या तासापासून दम लागलाय. आधी दम्याचा किंवा हृदयाचा त्रास नाही. आत्ता श्वास 32, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन 90, नाडी 124, बीपी 92 वर 60. एम्बोलिझम किंवा सेप्सिस वाटतोय. ऑक्सिजन, सुई, ईसीजी झालंय. तुम्ही लगेच येऊन पाहावं अशी विनंती आहे, आणि तोवर मी आणखी काय करू?’ पंचवीस-तीस सेकंदांत होतं. (ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. थोडक्यात आणि नेमकं बोलण्याची निकड तिथेही तेवढीच.) कनिष्ठ पदासाठी ‘मी एकट्याने सांभाळीन’ हे धाडसाचं नाही, धोक्याचं उत्तर समजलं जातं.

तुम्ही बोलत असताना परीक्षक मध्येच म्हणेल, ‘बीपी 70 झालं.’ हा सापळा नाही. परिस्थिती बदलली की तुम्ही पुन्हा एपासून सुरू करता का, ते पाहायचं असतं. ‘आता प्रतिसाद देत नाही’ असं म्हटलं तर श्वास आणि नाडी, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. अरेस्ट टीमला, म्हणजे हृदय बंद पडल्यावर धावून येणाऱ्या पथकाला, हाक. छातीवर दाब मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांना 2 श्वास, आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) जोडून हृदयाचा रिदम पाहणं.

अशा आठ-दहा परिस्थिती एवढ्याच बारकाईने तोंडी तयार करा: अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी), सेप्सिस, दम्याचा तीव्र झटका, छातीत दुखणं, फिट थांबत नसलेला पेशंट, रक्ताची उलटी, साखर कमी होणं, पोटॅशियम वाढणं. डोस पाठ असायलाच हवेत असे थोडेच आहेत. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनलिन 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 1:1000 द्रावणाचा अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. फरक नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. नापास करणारी चूक म्हणजे आधी अँटीहिस्टामिन किंवा स्टेरॉइडचं नाव घेणं. दुसरी म्हणजे अ‍ॅड्रेनलिन थेट शिरेतून द्यायला निघणं. ते अनुभवी हाताचं आणि मॉनिटरवरचं काम आहे. बीपी पडलेल्या पेशंटला झोपवून पाय उंच करा, एकदम उठवून बसवू नका. पोटॅशियमचा प्रश्न आला तर ईसीजी आधी. त्यात बदल असतील तर शिरेतून कॅल्शियम, आणि लगेच हेही सांगा की कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, ते हृदयाला सांभाळतं. पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी 10 युनिट साधं इन्सुलिन आणि सोबत 25 ग्रॅम ग्लुकोज. त्यानंतर काही तास साखर तपासत राहणं. हा शेवटचा तुकडा बहुतेक उत्तरांतून गळतो, आणि पेशंटला खरी इजा तिथेच होते. सेप्टिक शॉकचा (सेप्सिसमुळे बीपी कोसळल्याचा) संशय असेल तर अँटिबायोटिक तासाभराच्या आत. कल्चर (जंतू ओळखण्यासाठी रक्ताचा नमुना) आधी, पण कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवायचं नाही. आणि अँटिबायोटिकचं नाव घेण्याआधी ‘अ‍ॅलर्जी विचारीन’ हे दोन शब्द.

बाकीचा डोस आठवला नाही तर अंदाज फेकू नका. ‘हा डोस मी प्रोटोकॉलमध्ये पाहून आणि नर्सकडून दुबार तपासून देईन’ हे चांगलं उत्तर आहे, मात्र एकदाच. तिसऱ्यांदा तेच म्हटलंत की तयारी नाही असा अर्थ निघतो.

आता त्या सत्तर उत्तरांकडे. ती बाजूला ठेवा. पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं, कारण बोलणाऱ्याची नजर वर जाते आणि वेग वाढतो. शिवाय प्रश्न जरा फिरवून आला की गाडी अडते. ‘चूक सांगा’ला तुम्हाला सुचलं नाही याचं कारण हेच असावं: तुमच्याकडे उत्तरांचा साठा होता, प्रसंगांचा नव्हता. एका कोऱ्या कागदावर वर्षभरातले सात-आठ प्रसंग लिहा. एक चूक, एक भांडण किंवा मतभेद, नातेवाईक चिडलेला एक प्रसंग, तुम्ही पुढाकार घेतलेलं एक काम, एकाच वेळी तीन ठिकाणी बोलावणं आलेली एक रात्र, काहीतरी वेळेत लक्षात आलेलं, काहीतरी कुणाला शिकवलेलं. प्रत्येकाखाली चार ओळी: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही नेमकं काय केलंत, पुढे काय झालं. पाचवी ओळ मी आवर्जून वाढवायला सांगेन: त्यानंतर तुमच्या कामाच्या पद्धतीत काय बदललं. गुण मुख्यतः तिसऱ्या आणि पाचव्या ओळीला असतात, आणि बोलताना लोक सगळा वेळ पहिलीवर घालवतात. दोन मिनिटांच्या उत्तरात परिस्थितीला वीस सेकंद पुरेत. पेशंटचं नाव, खाट क्रमांक, ओळख पटेल असं काहीही तोंडून जाऊ देऊ नका. गोपनीयता तिथेही तपासली जाते.

‘चूक सांगा’ या प्रश्नाच्या उत्तराचं एक उदाहरण बघा. समजा, ड्युटी संपताना पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट पाहायचा राहिला, हँडओव्हरमध्येही सांगितला गेला नाही, आणि सकाळी पोटॅशियम वाढून 6.4 निघालं. उत्तर असं उभं राहील: ‘कळल्याबरोबर मी स्वतः पेशंटकडे जाऊन ईसीजी काढला, उपचार सुरू केले, सीनियरला सांगितलं. पेशंटला आणि नातेवाइकांना उशीर झाल्याचं सांगून माफी मागितली, केस पेपरवर वेळेसह लिहिलं, घटनेचा फॉर्म भरला. तेव्हापासून हँडओव्हरच्या कागदावर “रिपोर्ट यायचे बाकी” असा वेगळा रकाना ठेवतो आणि तो रिकामा झाल्याशिवाय वॉर्ड सोडत नाही.’ आधी पेशंटची सुरक्षितता, मग कबुली, मग नोंद, मग बदल. ‘माझा दोष म्हणजे मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे ऐकून परीक्षक पेन खाली ठेवतात. ज्यात तुम्ही काही लपवलंत किंवा दोष नर्सवर ढकललात, असा प्रसंगही निवडू नका.

हाच प्रसंग ‘दडपणाखाली काम’, ‘पेशंट-सुरक्षितता’ आणि ‘विभागात काय सुधारणा केलीत’ या तिन्ही प्रश्नांना चालतो; फक्त भर बदलायचा. म्हणून सात-आठ पुरतात. बोलताना ‘आम्ही’ कमी वापरा. आपल्याकडे ‘मी’ म्हणायला संकोच वाटतो, पण ‘आम्ही उपचार केले’ यातलं तुमचं काय, ते परीक्षकाला कळत नाही.

नैतिक प्रश्नांत तत्त्वांची नावं घ्या, पण नावांवर थांबू नका. ‘सहकाऱ्याच्या तोंडाला ड्युटीवर दारूचा वास येतोय’: आधी त्याला पेशंटपासून बाजूला करायचं, तेही चारचौघांत नाही, त्याचे पेशंट कोण पाहणार ते ठरवायचं, त्याच शिफ्टमध्ये सीनियरला सांगायचं, आणि त्याला मदतीची गरज असू शकते हेही बोलायचं. ‘मित्र आहे, या वेळी समज देऊन सोडीन’ हे उत्तर संपलं. ‘नातेवाईक म्हणतात, पेशंटला कॅन्सर असल्याचं सांगू नका’: त्यांना भीती कशाची वाटते ते आधी विचारा, मग पेशंटला स्वतःच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय ते पेशंटलाच विचारा. पेशंटने थेट विचारलं तर खोटं बोलणार नाही, हे ठामपणे सांगा. ‘पेशंट रक्त चढवून घ्यायला नकार देतोय’ अशा प्रश्नात निर्णयक्षमता कशी तपासाल ते हवं असतं: माहिती समजते का, लक्षात राहते का, तोलून पाहता येते का, निर्णय सांगता येतो का. चारही जमत असेल तर तुम्हाला न पटणारा निर्णयही त्याचाच.

वाईट बातमी सांगण्याचा अभिनय करायला लावला, तर बातमी दिल्यानंतर गप्प राहा. दहा सेकंदांची शांतता उमेदवाराला फार लांब वाटते आणि तो उपचारांची यादी सुरू करतो. समोरच्याला तेव्हा काही ऐकू येत नसतं.

गॅपचं ओझं तुम्ही विनाकारण मोठं केलंय. दोन वाक्यं पुरेत: आठ महिने कशासाठी होते आणि त्या काळात हात व डोकं चालू ठेवायला काय केलंत. वीस सेकंदांत सांगून थांबा. जो पाच मिनिटं खुलासा देतो, त्याच्या गॅपबद्दलच शंका येते. कारण घरगुती किंवा आजारपणाचं असेल तर तपशील देण्याची गरज नाही, पण खोटं कारण मुळीच नको.

सीव्हीतली प्रत्येक ओळ म्हणजे तुम्हीच दिलेला प्रश्न. ऑडिट (काम ठरलेल्या मानकाप्रमाणे होतं का याची तपासणी) लिहिलं असेल तर मानक कोणतं होतं, किती केस पेपर पाहिले, काय आढळलं, काय बदललं आणि बदलानंतर पुन्हा मोजलं का, हे आकड्यांसह यायला हवं. पुन्हा मोजलं नसेल तर तसं सांगा आणि का राहिलं तेही. ज्या शोधनिबंधावर तुमचं नाव आहे, पण ज्याची पद्धत तुम्हाला समजावता येत नाही, तो मुलाखतीआधी बसून वाचा, नाहीतर सीव्हीतून काढा.

उरलेल्या दिवसांत लिहिणं थांबवून बोलणं सुरू करा. रोज दोन क्लिनिकल परिस्थिती आणि एक प्रसंग, फोनवर रेकॉर्ड करून, दोन मिनिटांचा टायमर लावून. ऐकताना फक्त पहिली वीस सेकंदं तपासा: पहिल्या वाक्यात तुम्ही काही करताय, की प्रश्नच परत सांगताय? सराव मुलाखत ज्या भाषेत होणार त्याच भाषेत, मोठ्याने. मनातल्या मनात मराठीत छान जमलेलं उत्तर तिथे दुसऱ्या भाषेत अडखळतं, विशेषतः नातेवाइकांशी बोलण्याच्या प्रश्नात. निदान दोन पूर्ण सराव-मुलाखती द्या. एक सीनियरपुढे, जो मध्येच तोडेल. दुसरी डॉक्टर नसलेल्या कुणापुढे. ‘स्वतःबद्दल सांगा’ आणि ‘हाच विभाग का’ या उत्तरांतला पोकळ भाग त्यांना लगेच ऐकू येतो. ‘स्वतःबद्दल’ला दीड मिनिट: आत्ता काय करता, त्यातलं या पदाला उपयोगी काय, इथे का यायचंय. शाळेपासून सुरुवात नको. ‘सेवेची आवड’ म्हणायचं असेल तर आपत्कालीन विभागातल्या कामाची एखादी नेमकी बाजू सोबत हवी, नाहीतर ते वाक्य कुठल्याही विभागाला चालतं.

ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून, फोनचा आवाज बंद, आणि नेट तुटलं तर कुणाला फोन करायचा तो क्रमांक कागदावर. समोर टिपणं चिकटवू नका. डोळे कुठे जातात ते दिसतं. प्रत्यक्ष असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, लॉगबुक आणि जीवरक्षण प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, मुदत तपासून, मूळ आणि प्रती वेगवेगळ्या फाइलमध्ये.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतील. रात्री प्रत्यक्ष हजर असलेला सर्वांत वरिष्ठ डॉक्टर कोण असतो, आणि नव्या माणसाला एकट्याने ड्युटी देण्याआधी किती दिवस सोबत ठेवतात, हे दोन प्रश्न विचारा. उत्तरं तुम्हालाही हवी आहेत. तिथे कामाला लागायचं की नाही हे त्यावर ठरवता येतं. पगार आणि सुट्ट्या ऑफर हातात आल्यावर.

आणि आधीच्या दोन्ही ठिकाणी आजच मेल टाका. पद आणि मुलाखतीची तारीख लिहा आणि कोणत्या प्रश्नांत गुण कमी पडले, एवढंच विचारा. ‘मला का नाकारलं’ असा सूर नको. गुणपत्रक ठेवलेलं असेल तर काही संस्था कळवतात, आणि तेवढ्या दोन ओळींवरून पुढच्या अडीच आठवड्यांत कशाला जास्त वेळ द्यायचा ते ठरवता येईल.